पायरीवरचं ताट

त्या वर्षी ऑगस्ट अर्धा सरायच्या आतच बटाट्याचा पाला काळा पडला. रोज सकाळी धुकं ओढ्यावरून वर चढायचं, दुपारपर्यंत रानावर बसून राहायचं, आणि संध्याकाळी पावसाची भुरभुर सुरू. करपा पानातून देठात आणि देठातून खाली कसा उतरतो हे त्या गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. बटाटा जमिनीत राहिला तर सडणार, आणि काढावा तर चिखल. युस्तिना रोज उठल्याउठल्या रानात जायची, एखादं झाड उपटायची, बटाट्यावर अंगठा दाबून बघायची आणि न बोलता घरी यायची. तिचं तोंड बघूनच तिचा नवरा वालेंट काय ते समजायचा.

वालेंटची पाठ वसंतात गेली होती. गाडीतून लाकडं उतरवताना ओंडका निसटला आणि तो खाली सापडला. मणक्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून कमरेला चामड्याचा पट्टा आवळून, काठी टेकत तो अंगणातल्या अंगणात फिरायचा. वाकता येत नव्हतं. बुटाच्या नाड्या युस्तिना बांधायची आणि ती नाड्या बांधत असताना तो वर आढ्याकडे बघत राहायचा.

म्हणजे रानातलं सगळं काम युस्तिना आणि अरांकावर आलं.

अरांका ओढ्यापलीकडच्या वस्तीतली. त्या वस्तीत सगळे रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणतात ते. गावातले लोक त्यांना नावं ठेवायचे आणि सुगीला कामावर बोलवायचे. युस्तिना लग्न होऊन या घरात आली त्या पहिल्याच सुगीला अरांका बटाटे वेचायला आली होती, तेव्हा दोघीही कोवळ्या पोरी. तेव्हापासून एकही सुगी चुकली नव्हती. दोघी सरीच्या दोन्ही अंगांनी निघायच्या आणि पाट्या एकदमच भरायच्या. युस्तिना कंबर धरून उभी राहिली की अरांका न सांगता तिची पाटी उचलून गोणीत रिकामी करायची. तरी इतक्या वर्षांत युस्तिना तिला ‘अगं तूगं’ करायची आणि अरांका ‘युस्तिनाबाई, तुम्ही’ म्हणायची. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

दोघींनाही उशिरानं एकेक पोरगी झाली होती, तीही एकाच हिवाळ्यात. युस्तिनाची तेरका आणि अरांकाची वानेसा. दोघी पोरी बांधावर गोणपाटाखाली बसून बटाट्यांना काड्या टोचून गाई-घोडे करायच्या. वानेसाला एकदा सुगीत ताप भरला तेव्हा युस्तिनानं तिला स्वतःच्या स्वयंपाकघरात चुलीजवळच्या बाकावर निजवलं होतं, व्हिनेगरच्या पट्ट्या ठेवल्या होत्या.

“मालक खिडकीतनं बटाटे मोजतायत, का आपल्याला?” एके दिवशी सरीतून अरांका म्हणाली.

युस्तिनानं मान वर केली. वालेंट खिडकीत उभा होता. “दुसरं काय करणार तो. बघू दे.”

“बघू दे की. बघण्यानं बटाटा सडत नाही.”

युस्तिना हसली. पण अरांका त्या दिवशी नेहमीसारखी पुढचं काही बोलली नाही. सरीचं टोक आलं, दोघींनी पाट्या उलथ्या करून त्यांवर बूड टेकलं, भाकरीएवढा पावाचा तुकडा आणि कांदा काढला. मग मातीचे हात मातीतच चोळत तिनं विषय काढला.

गावात संत ॲनाची शाळा होती. सिस्टरांची शाळा. जुनी कम्युनिस्ट राजवट गेल्यावर चर्चला इमारत परत मिळाली आणि सिस्टरांनी ती पुन्हा उभी केली. गावातली सगळी चांगल्या घरची पोरं तिथं जायची. त्या शाळेचं दानधर्मात मोठं नाव होतं. उपासकाळात पोरं खाऊचे पैसे आफ्रिकेतल्या पोरांसाठी डब्यात टाकायची. आणि नाताळच्या आधी साखर, तेल, शेवया, लोकरी मोजे असे पुडे बांधून ती सिस्टरांबरोबर वस्तीत जायची, दारादारात गाणं म्हणायची. मोजे युस्तिनाच विणायची. जपमाळ मंडळातल्या बायकांत तिच्यासारखी टाच कुणाला वळवता येत नसे. वस्तीतली पोरं मात्र त्या शाळेत कधी गेली नव्हती. ती शेजारच्या गावी जायची, तिथं त्यांचा वर्गच वेगळा होता, आणि चौथीत गेलेल्या पोराला स्वतःचं नाव लिहिता आलं तर आई त्याला सगळ्या वस्तीभर फिरवून आणायची.

दोन वर्षांपूर्वी सिस्टर बेनिग्ना मुख्याध्यापिका होऊन आल्या. काटक, पुरुषी बूट घालणाऱ्या, सायकलवरून फिरणाऱ्या. त्यांनी वस्तीतल्या घराघरांत जाऊन सांगितलं होतं की या वर्षी पहिलीत पाच पोरं घेणार. त्यांत वानेसा होती. पण गावातल्या पालकांना ते कळलं होतं आणि आता शाळेत सभा होती.

“सिस्टर म्हणाल्या, भांडणं होतील,” अरांका म्हणाली. “आम्हाला बोलावलेलं नाही. तुम्ही जाल ना?”

“जाणारच. तेरका पहिलीत जातेय.”

“मग एक शब्द बोला आमच्या वानेसासाठी. तुमच्या डोळ्यांसमोर वाढली ती. तिच्या डोक्यात उवा नाहीत, ती चोरी करत नाही, तिला शंभरपर्यंत मोजता येतं. तुम्ही सांगितलंत तर लोक ऐकतील.”

इतक्या वर्षांत अरांकानं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. युस्तिनानं कांद्याची साल झटकली.

“बोलेन की. त्यात काय एवढं.”

“देव तुमचं बरं करो,” अरांका म्हणाली आणि उठून पाटी उचलली.

घरी आल्यावर युस्तिनानं ते वालेंटला सांगितलं. त्यानं सूपमध्ये चमचा फिरवला. मग म्हणाला, ब्लाझेय काय म्हणतो ते आधी बघ.

ब्लाझेय त्याचा चुलतभाऊ. गावातली सगळ्यांत मोठी शेती त्याची, लाकडाची गिरणी त्याची, आणि ट्रॅक्टरमागं जोडायचं बटाटे काढायचं यंत्रही त्याचंच. तेरकाचा धर्मबाप होता तो. स्वभावानं उघड्या हाताचा. वालेंट दवाखान्यात होता तेव्हा त्यानं न बोलावता येऊन दोन दिवसांत यांची पेरणी करून दिली होती. आताही हातातली शेती उरकली की यंत्र घेऊन येतो म्हणाला होता. वरच्या अंगाचं मोठं रान दोन बायकांच्या हातानं पावसाआधी निघणं शक्य नव्हतं, हे वालेंटनं बोलून दाखवलं नाही. त्याची गरजही नव्हती.

सभा शाळेच्या मोठ्या खोलीत होती. पोरांच्याच बुटक्या खुर्च्या मांडल्या होत्या, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे छातीशी आले होते. भिंतीवर गेल्या नाताळच्या पुड्यांचे फोटो लावले होते: लोकरी टोप्या घातलेली गावातली पोरं, आणि त्यांच्या मागं दाराच्या चौकटीत उभ्या वस्तीतल्या बाया. एका फोटोत अरांका होती. तिनं पुडा दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता.

म्हाताऱ्या फादरांनी प्रार्थना म्हटली. मग सिस्टर बेनिग्ना उभ्या राहिल्या.

“आपण वर्षानुवर्षं त्यांच्या दारात पुडे नेतो,” त्या म्हणाल्या. “पोरं गाणं म्हणतात, फोटो निघतो. एवढ्या वर्षांत त्यांतलं एक पोर आपण आपल्या बाकावर बसवलं नाही. मला त्या फोटोंची लाज वाटायला लागलीय.”

खोलीत खुर्च्या करकरल्या. एक बाई म्हणाली की पुडे लोकांनी मनापासून दिलेत, त्याला लाज कसली. दुसरी आजारांबद्दल बोलली. कुणी म्हणालं, पाच आली की पन्नास येतील. मग ब्लाझेय उठला. टोपी हातात धरून, आवाज न चढवता बोलला. आपण काही राक्षस नाही, पुडे द्यायला पहिला मीच असतो, पुढंही देईन, दुप्पट देईन. पण पोरं एका वर्गात बसवली तर दहा घरं आपली पोरं काढून घेतील, तशी बोलणी झालीत. दहा पोरं गेली की पहिलीचा वर्ग राहत नाही. आणि एक वर्ग गेला की शाळा जाते. सिस्टरांना शाळा बंद करायची आहे का?

सिस्टर बेनिग्नांनी खोलीभर बघितलं. त्यांची नजर युस्तिनावर येऊन थांबली.

“इथं कुणीतरी असेल,” त्या म्हणाल्या, “ज्यांच्या घरात ही पोरं रोज येतात-जातात. त्यांनी सांगावं.”

युस्तिना उभी राहिली. तिनं वाक्य ठरवून आणलं होतं, पीठ मळताना, कपडे वाळत घालताना दहादा घोकलं होतं. तोंड उघडलं तर भलतंच निघालं. “मी अरांकाला ओळखते,” ती म्हणाली. “वीस वर्षं होतील. माणूस चांगलं आहे. तिची पोरगी—”

“चांगलीच आहे,” ब्लाझेय तिच्याकडे वळून म्हणाला, आणि त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, घरच्या माणसाशी बोलावं तसा तो बोलत होता. “अरांकाबद्दल कोण वाईट बोलतंय? कामाची बाई. पण मला एक सांग, युस्तिना. तुझ्याकडे सुगीत ती जेवते कुठं?”

युस्तिनाला क्षणभर प्रश्नच कळला नाही.

“दुपारी, रानातनं आल्यावर. कुठं बसते जेवायला?”

 युस्तिनाला समोर आपली पायरी दिसली. स्वयंपाकघराच्या दारातली दगडी पायरी, तिथं मांडीवर ताट घेऊन बसलेली अरांका, आणि तिच्यासाठी फळीवर वेगळा ठेवलेला कानतुटका निळा कप. सासूनं ठेवला होता तो. सासू गेली, कप राहिला. ते बरं की वाईट असा विचार युस्तिनाच्या मनात कधी आलाच नव्हता.

“बाहेर,” ती म्हणाली. “पायरीवर.”

कुणीतरी मागं हसलं, मोठ्यानं नाही.

“तिला तिथंच बरं वाटतं,” युस्तिना म्हणाली.

“तेच म्हणतोय मी,” ब्लाझेय म्हणाला. “ज्याला जिथं बरं वाटतं तिथं.”

युस्तिना खाली बसली. ठरवून आणलेलं वाक्य जिभेखाली तसंच राहिलं. पुढं काय बोललं गेलं ते तिनं अर्धवट ऐकलं. फादरांनी मधला मार्ग काढला: या वर्षी घाई नको, पुढच्या वर्षी बघू. तोवर सिस्टरांनी दर शनिवारी वस्तीत जाऊन पोरांना शिकवावं, आणि नाताळचे पुडे या वेळी मोठे करावेत. ते ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं. काही जणांनी टाळ्याही वाजवल्या. सिस्टर बेनिग्ना फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या आणि आधीच कोरा असलेला फळा पुसत होत्या.

बाहेर ब्लाझेयनं सिगारेट पेटवली आणि युस्तिनाच्या खांद्यावर हात ठेवला. “परवा यंत्र घेऊन येतो. वालेंटला सांग, डिझेल माझं.”

“देव भलं करो,” युस्तिना म्हणाली. सवयीनं तोंडातून आलं.

अरांकाला काय आणि कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत ती सकाळी रानात गेली. पण सभा संपताच सिस्टर बेनिग्ना शाळेतून निघाल्या त्या सायकलवरून थेट वस्तीतच गेल्या होत्या. ज्यांना शब्द दिला त्यांना तोंडानं सांगायचं म्हणून. अरांका बांधावर आधीच आली होती. एकटीच. वानेसाला आणलं नव्हतं.

“सर्दी झालीय तिला,” ती म्हणाली आणि सरीला बसली.

युस्तिना दुसऱ्या अंगानं लागली. पाट्या भरल्या, गोण्या भरल्या. माती बुटांना अशी धरत होती की पाय उचलताना टाच बुटातून निघून यायची. मधे एकदा युस्तिना म्हणाली, मी बोलले गं. अरांका म्हणाली, हो, कळलं. तिनं मान वर केली नाही. तिच्या हातांचा वेग नेहमीसारखाच होता, उलट थोडा जास्तच, आणि युस्तिना कंबर धरून उभी राहिली तेव्हा तिनं नेहमीसारखीच तिची पाटी नेऊन रिकामी केली.

दुपारी युस्तिना थोडी आधी घरी गेली. तिनं कोबीचं सूप गरम केलं, टेबलावर चार ताटं मांडली. वालेंट, तेरका, ती, आणि चौथं. फळीवरचा निळा कप उचलला, क्षणभर हातात धरला आणि कचऱ्याच्या बादलीत टाकला. मग दारात आली. अरांका नळाखाली हात धूत होती.

“आत ये,” युस्तिना म्हणाली. “टेबलावर वाढलंय.”

अरांकानं हात परकराला पुसले. “बूट चिखलाचे आहेत.”

“असू देत.”

“राहू द्या, युस्तिनाबाई. मला इथंच बरं वाटतं.”

ती पायरीवर बसली. रागानं नाही, रोजच्यासारखी, गुडघे जवळ घेऊन. युस्तिना दारातच उभी राहिली. मग तिला चौथं ताट उचलून बाहेर नेऊन द्यावं लागलं. पाणी मागितलं तेव्हा तिनं घरातला पेला दिला. अरांकानं पिऊन झाल्यावर तो विसळून उपडा ठेवला.

तेरकानं विचारलं, अरांकामावशी आत का येत नाही.  वालेंट पट्ट्याचं बक्कल सैल करत हळू आवाजात म्हणाला, “इतकी वर्षं बोलावलं नाहीस. आज बोलावलंस तर ती कशी येईल?”

“तूही नाही बोलावलंस,” युस्तिना म्हणाली.

“मी कुठं म्हणतोय, बोलावलं म्हणून.”

ब्लाझेय शब्दाला जागला. यंत्र आलं, वरचं रान एका दिवसात उलथलं गेलं. उघड्यावर पडलेले बटाटे वेचून होईतो पाऊस आलाच. मोठा, तिरपा, डोंगरावरून उतरणारा. दोघी गोणपाटाच्या खोळी डोक्यावर घेऊन वेचत राहिल्या. बोटं बधिर झाली, नखांत माती गेली, सडका बटाटा हातात फुटला की त्याचा वास अंगभर चिकटायचा. अरांकानं एकदाही ‘पुरे’ म्हटलं नाही. शेवटची गोणी शेडमध्ये ओढून झाल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या कपाळावरून पाणी गळत होतं. ओठ निळे पडले होते.

मजुरी आणि वाट्याचे बटाटे घेताना तिनं सांगितलं की पुढच्या वर्षी तिच्यावर अवलंबून राहू नका. तिचा भाऊ इंग्लंडात आहे, कोंबड्यांच्या कारखान्यात. नवरा तर बांधकामावर शेजारच्या चेकिया देशात असतोच. भाऊ बोलावतोय.

“जाणार म्हणजे? कायमची?”

“पोरीची शाळा आहे तिकडं,” अरांका म्हणाली. “सगळ्यांची एकच.”

तेरकाची शाळा सुरू झाली. ती रोज नवीन गाणं शिकून यायची. एकदा चित्र काढून आणलं: येशू मधे, भोवती पिवळी, काळी, गोरी पोरं हात धरून. ते युस्तिनानं कपाटाच्या दाराला लावलं, आणि दोन दिवसांनी, पीठ उडतं म्हणून, काढून आत ठेवलं. शनिवारच्या वर्गाचं काय झालं ते तिनं विचारलं तर कळलं की सिस्टर बेनिग्ना नेमानं जातात, पण बसायला जागा नाही, कुणाच्या तरी अंगणात वर्ग भरतो आणि पाऊस आला की मोडतो.

पापनिवेदनाला गेली तेव्हा तिनं फादरांना सभेतलं आपलं बोलणं सांगितलं. जाळीपलीकडून म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येत होता. तू खोटं बोललीस का, त्यांनी विचारलं. नाही. कुणाचं वाईट चिंतलंस का? नाही. “मग मुली, खरं बोलणं पाप नाही,” ते म्हणाले आणि जपमाळेचं एक दशक, म्हणजे दहा मणी, म्हणायला सांगितलं. तिनं ते बाकावर गुडघे टेकून म्हटलं. उठली तेव्हा गुडघे दुखत होते, बाकी काही हललं नव्हतं.

ऑक्टोबरअखेर, सगळ्या संतांच्या सणाआधीच्या आठवड्यात तिनं तेरकाचं हिवाळी जाकीट पिशवीत घातलं आणि ती ओढा ओलांडून वस्तीत गेली. नाताळच्या पुड्यांबरोबर ती कधी गेली नव्हती, मोजे विणून शाळेत पोचवायची तेवढंच. पुलापलीकडं डांबर संपलं. एका नळावर बाया बादल्या घेऊन उभ्या होत्या, त्यांनी तिच्याकडे बघून बोलणं थांबवलं. घरं एकाला एक लागून, काही विटांची, काही फळ्यांची. तिथं उभं राहिल्यावर युस्तिनाच्या ध्यानात आलं की यांतलं अरांकाचं घर कुठलं ते तिला माहीत नाही.

तिला विचारावं लागलं. एका बाईनं हनुवटीनं दाखवलं.

अरांकानं दार उघडलं. तिनं आश्चर्य दाखवलं नाही. “आत या,” ती लगेच म्हणाली, खुर्चीवरचे कपडे उचलले, परकराच्या टोकानं खुर्ची पुसली. खोली एकच, पण घासूनपुसून लख्ख. चुलीवर पाणी उकळत होतं. भिंतीवर मरियेची तसबीर, युस्तिनाच्या घरात होती तीच, त्याच जत्रेतली. पलंगावर दोन मोठ्या पिशव्या भरून ठेवलेल्या. वानेसा त्यांच्यामागून बघत होती.

युस्तिना चिखलाच्या बुटांनी आत गेली आणि खुर्चीवर बसली. अरांकानं कॉफी दिली, साखर पुढं ठेवली, स्वतः पलंगाच्या कडेला टेकली. वालेंटच्या पाठीची चौकशी केली. बटाटा टिकतोय का विचारलं. युस्तिनानं पिशवीतून जाकीट काढलं.

“तेरकाचं? चांगलं आहे की. तिकडं ओल असते म्हणतात फार.” तिनं ते वानेसाच्या अंगाला लावून बघितलं, बाह्यांची लांबी बघितली. “बसेल हिला. देव तुमचं बरं करो.”

तिनं नको म्हटलं असतं तर युस्तिनाला सोपं गेलं असतं.

“अरांका, मी बोलायलाच उभी राहिले होते,” ती म्हणाली. “खरंच. त्यानं मधेच विचारलं. आणि विचारल्यावर मला खोटं बोलता आलं नाही.”

अरांकानं जाकिटाची घडी घातली. घडी घालायला तिला बराच वेळ लागला.

“बोलायचं होतंत खोटं,” ती म्हणाली. “म्हणायचं होतंत, आत जेवते, टेबलावर. कोण बघायला आलं असतं? मी काय येऊन नाही म्हणाले असते?” तिच्या आवाजात राग नव्हता, हिशेब चुकलेल्या माणसाला चूक दाखवावी तसा तो होता. “एवढं एक खोटं बोलला असतात तर मी त्या पायरीवर जन्मभर जेवले असते. आनंदानं.”

 कॉफी निवली होती, ती युस्तिनानं तशीच पिऊन टाकली.

“पण तुम्ही देवाचं माणूस,” अरांका म्हणाली. “तुम्हाला नाही जमायचं. मला माहीत होतं. तरी विचारलं.”

ती तिला पुलापर्यंत पोचवायला आली. पुलावर दोघी थांबल्या. एवढ्या वर्षांत कधी मिठी मारली नव्हती, तेव्हा आता कशी मारणार. अरांका म्हणाली, मालकांना म्हणावं पट्टा रात्री सोडून निजत जा, रक्त चालतं. आणि ती वळली.

नाताळच्या आधी पुडे निघाले, त्या वर्षी खरोखरच मोठे. तेरका लोकरी टोपी घालून गेली आणि परत येऊन म्हणाली की वानेसाच्या घरात दुसरीच माणसं राहतात, त्यांनाही पुडा दिला, ती म्हातारी खूप रडली. फोटो निघाला.

पुढच्या सप्टेंबरात सिस्टर बेनिग्नांनी कुणाला न विचारता वस्तीतली चार पोरं पहिलीत घेतली. सगळे म्हणत होते, आता दहा घरं पोरं काढून घेणार. एकानंही काढलं नाही. शेजारच्या गावची बस सकाळी फार लवकर असते, आणि कोण रोज त्या धुक्यात पोरं नेऊन सोडणार. ब्लाझेय महिनाभर सिस्टरांशी बोलला नाही, मग शाळेचं गळकं छप्पर दुरुस्त करायला फळ्या घेऊन आला. ऑक्टोबरपर्यंत कोण कुणाच्या शेजारी बसतंय हे कुणी बघेनासं झालं. इतकं साधं होतं ते. युस्तिना शाळेच्या फाटकाशी तेरकाला घ्यायला उभी राहायची, पोरांचा घोळका धावत बाहेर यायचा, आणि तिला दर वेळी वाटायचं की कुणीतरी आपल्याला हे आधी सांगायला हवं होतं. मग आठवायचं की सांगितलं होतं.

त्या सुगीला करपा नव्हता. बटाटा कोरडा, घट्ट. वालेंट आता ट्रॅक्टरवर बसू शकत होता. वेचायला वस्तीतून दोन नव्या बाया आल्या, एक पोक्त आणि एक तिची सून. हात त्यांचे बरे होते, पण सरीला एकेकीची गती वेगळी आणि पाट्या कधी बरोबर भरायच्या नाहीत. युस्तिनाची कंबर भरून आली तरी ती वाकूनच राहायची.

पहिल्याच दुपारी तिनं दोघींना आत बोलावलं. त्यांनी दारात बूट काढले, लाजत टेबलाशी बसल्या. युस्तिनानं चीज घातलेले बटाट्याच्या पिठाचे उकडलेले गोळे वाढले, वरून तळलेली चरबी ओतली. खाता खाता पोक्त बाईचा संकोच गेला. ती खोलीभर बघत म्हणाली, “आम्हाला दुसऱ्या घरीही काम होतं, बाई. पण म्हटलं तुमच्याकडं यावं. इंग्लंडातनं अरांकाचा फोन आला होता तेव्हा ती म्हणाली होती, युस्तिनाबाईंकडे जा, त्या घरात बसवून जेवायला घालतात.”

वालेंटचा काटा ताटाशी थांबला.

“असं म्हणाली ती?” युस्तिनानं विचारलं.

“हो की. म्हणाली, मला तर पहिल्या दिवसापासून टेबलावरच वाढलं. खरं ना?”

तेरका तोंडात घास घेऊन आईकडे बघत होती. चुलीवर दुधाचं भांडं वाजायला लागलं होतं. युस्तिना उठली, तिनं ते खाली उतरवलं, आणि पाठ तिकडेच ठेवून म्हणाली, “खरं. पहिल्या दिवसापासून.”